मॅथ्यूची गाडी तापते

माझे बाबा, सहादेव, हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतात. गाडी समोर आली की ते आधी काही विचारत नाहीत. बॉनेट उघडतात, रेडिएटरच्या जाळीवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटून तो हळूहळू सरकवत नेतात. जाळी जिथे गरम लागते तिथे पाणी फिरतंय, जिथे मध्येच गार लागते तिथे आतली वाट बुजली आहे, एवढं सोपं ते गणित. शेजारच्या गाळ्यातला गणेश इलेक्ट्रिशियन त्यांना चिडवतो, "काय डॉक्टर, पेशंटला ताप किती?"

बाबा परभणीकडच्या एका कोरड्या गावातले. गावात गोड पाण्याची विहीर होती, पण तिच्यावर आमच्या लोकांना जाता येत नसे. आमच्या वस्तीची विहीर वेगळी, तिचं पाणी मचूळ. त्या पाण्यावर वाढलेला माणूस कुठेही गेला तरी पहिला घोट तोंडात धरून ठेवतो. बाबा अजून धरतात. लग्नाच्या पंगतीत, हॉस्पिटलात, कुणाच्या नव्या फ्लॅटवर. आई ओशाळते. "प्या की आता, विष नाही घातलं त्यांनी," असं ती दबक्या आवाजात म्हणते.

भुताखेतांवर त्यांचा विश्वास नाही. पेणकरपाड्यातल्या आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्यापाशी काही मागायचं नसतं, हे त्यांनी मला अगदी लहानपणीच सांगितलं होतं. लाइट गेली, मांजर रडलं, दार आपोआप लागलं, की मला हाताला धरून ते तिथवर घेऊन जायचे आणि कारण दाखवायचे. बिजागरी, वारा, उंदीर. कारण सापडलं की त्यांचा चेहरा धुतल्यासारखा व्हायचा.

म्हणून मॅथ्यूच्या गाडीबद्दल ते आजही बोलत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

ती गाडी पावसाळा संपल्यावर आली. अमेरिकन, पन्नासेक वर्षांपूर्वीची, दोनच दरवाजे, लांबलचक बॉनेट आणि रंग जांभळाच्या सालीसारखा. ती गल्लीत वळली तेव्हा पत्र्याची शटरं थरथरली. चालवत होता समुद्रकाठच्या उत्तनचा मेल्रॉय, विमानतळावर शिफ्टची नोकरी करणारा, नाकाच्या शेंड्यावर घाम आलेला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

"भाऊ, हिला वाचवा," तो म्हणाला. "बहिणीचं लग्न आहे जानेवारीत. टिनाला हिच्यातूनच चर्चला न्यायचंय."

"दुसरी गाडी न्हाई का चालणार?"

"आय म्हणते, गाडी नाही तर मी पण नाही. ती येणारच नाही चर्चला. आणि टिना म्हणते, आय नसेल तर मी पायरी नाही चढणार. दोघी तशाच."

गाडी त्याच्या वडिलांची. मॅथ्यूने अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत काढलं आणि परत आल्यावर भंगारातून हा सांगाडा उचलला. मूळचं इंजिन काढून त्याहून दांडगं, आठ सिलिंडरचं बसवलं. वजन उतरावं म्हणून इंजिनाची लोखंडी हेडं, म्हणजे वरची जड झाकणं, काढून ॲल्युमिनियमची घातली. टिना लहान होती तेव्हापासून तो तिला सांगायचा, तुझ्या लग्नाला हीच गाडी, आणि चालवणार मी. गाडी पुरी झाली. मग दोन वर्षांपूर्वी भागीदारीतल्या बोटीवर तो मासेमारीला गेला आणि बोट त्याच्याशिवाय परत आली. वारा पडलेला होता, दर्या शांत होता. तो कधी पडला, कुणी पाहिलं नाही. शरीर मिळालं नाही.

"तेव्हापासून गाडी ताडपत्रीखालीच होती," मेल्रॉय म्हणाला. "लग्न ठरलं म्हणून काढली. पहिले काही दिवस मस्त चालली. मग तापायला लागली."

बाबांनी तळहात ठेवला, डोळे मिटले. नंतर थर्मोस्टॅट काढून चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी ती छोटी झडप. ती उशिरा आणि अर्धीच उघडत होती. "सापडलं," बाबा म्हणाले. झडप बदलली, जुनं पाणी गटारात सोडलं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं. दिवसभर गाडी गाळ्यात चालू ठेवली. तापमानाचा काटा मधल्या खुणेवर बसला तो हलला नाही.

रविवारी ती उत्तनजवळच्या डोंगरीच्या चढावर उकळली.

दुसऱ्या खेपेला बाबांनी इंजिन उघडलं. हेडखालचं गॅस्केट, पाणी अडवणारा पातळ पत्रा, फाटलं असेल असा त्यांचा अंदाज होता. गॅस्केट धड होतं. मात्र ॲल्युमिनियमवर पांढरट खरपुडी चढली होती, जागोजागी खड्डे पडले होते, जणू आतून काहीतरी कुरतडत होतं. "दोन वर्षं उभी होती, सडणारच," असं म्हणून त्यांनी ते घासलं, रेडिएटर सोडवून साफ केला, पंप बदलला. गणेश येता-जाता म्हणायचा, "सहादेवभाऊ, सगळं बदला, फक्त नंबरप्लेट ठेवा." बाबा हसले नाहीत. पुन्हा हिरवं कूलंट, पुन्हा दिवसभर चालू. काटा मध्ये. गाडी उत्तनला गेली आणि पुन्हा तापली.

आमच्याकडे असताना ती तापत नव्हती. घरी गेली की तापत होती.

तिसऱ्या खेपेला मेल्रॉय टो करून गाडी घेऊन आला. मी डबा द्यायला गाळ्यात गेले होते. तो स्टुलावर बसला, पाणी प्यायला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग आवाज उतरवून बोलला.

"भाऊ, हसणार नसाल तर सांगतो."

"सांग."

"परवा ही पूर्ण सुकली होती. रेडिएटरमध्ये थेंब नव्हता, मी स्वतः बघितलं. म्हटलं उद्या भरू. दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येऊन झाकण उघडलं, तर काठोकाठ भरलेला."

"घरातल्या कुणी भरला असंल."

"टिनाला बॉनेट उघडता येत नाही. आय गाडीकडे फिरकत नाही, ताडपत्री बघूनच तोंड फिरवते. आणि ही पहिली वेळ नाही. प्रत्येक वेळी भरलेलाच असतो. मी समजायचो तुम्ही जास्त भरून देताय." त्याने ओठ पुसले. "आणि सीट ओली असते. ड्रायव्हरच्या शेजारची. खाली पायांपाशी वाळू."

बाबांनी बसल्या जागेवरून गाडीकडे पाहिलं.

"डॅडींना दर्यातून कुणी बाहेर काढलं नाही भाऊ," मेल्रॉय म्हणाला. "ते अजून ओलेच असणार ना?"

गल्लीत कुणीतरी ग्राइंडर सुरू केला आणि बंद केला. बाबा उठले. रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून उघडलं. पाणी काठोकाठ होतं, पण हिरवं नव्हतं. कूलंटचा मागमूस नव्हता. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी ते न बघता गटारात सोडलं होतं. आता त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी चव तोंडात धरून ठेवली. मग थुंकले.

"खारं," ते म्हणाले. "विहिरीचं न्हाई हे. विहिरीचं असं नसतं."

"मग?"

"समुद्राचं हाय."

मेल्रॉयने छातीवर क्रूसाची खूण केली. बाबांनी ते पाहिलं आणि जरा कठोरपणे म्हणाले, "समुद्र चालत येत न्हाई, पोरा. कुणीतरी आणतंय." पण त्यांनी बोट लगेच पुसलं, आणि नंतर जेवतानाही ते एक बोट घासापासून लांब ठेवत होते.

पुन्हा सगळं घासलं, हिरवं भरलं, गाडी गेली. दोन दिवसांनी बाबा मला म्हणाले, "संघप्रिया, स्कूटर काढ. उत्तनला जायचंय." त्यांना गुडघ्यामुळे चालवता येत नाही. मेल्रॉयला कळवलं नव्हतं.

भाईंदर मागे पडलं की रस्ता मिठागरांमधून जातो. दुपारची वेळ होती. पांढऱ्या ढिगाऱ्यांवर ऊन इतकं चकाकत होतं की मिठाशेजारी उभ्या माणसांच्या सावल्या दिसतच नव्हत्या. खाडीचा वास येत होता आणि वारा नव्हता.

मेल्रॉयचं घर किनाऱ्याला लागूनच. अंगणात बांबूंच्या ओळींवर बोंबील सुकत टांगलेले, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. घरात कुणी नव्हतं. गाडी ताडपत्रीखाली होती आणि ताडपत्री पुढच्या बाजूने वर सारलेली. जिथे रेडिएटरची खालची तोटी येते, तिथल्या मातीत हिरवा डाग पडला होता, अजून ओला. त्याच्याभोवतीचं गवत मेलेलं. कुणीतरी नुकतंच कूलंट सोडून दिलं होतं.

आम्ही भिंतीच्या सावलीला थांबलो.

भरती चढत होती. किनाऱ्याकडून एक म्हातारी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावर कळशी. ती गाडीपाशी थांबली, बॉनेट उचललं, टेकू लावला. एकदाही चाचपडली नाही. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी शेजारी उभं राहून पाहिलेलं काम होतं ते. कळशी हळू वाकवली. पाणी आत जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिने झाकण लावलं, दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि स्टीअरिंगकडे तोंड करून बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. मधेच ती थांबायची, मान हलवायची आणि पुन्हा बोलायची, समोरून उत्तर आल्यासारखी.

बाबांनी माझं मनगट धरलं होतं. कारण सापडलं होतं, तरी त्यांचा हात गार होता.

"बाय," त्यांनी शेवटी हाक मारली. "मी सहादेव. गाडी दुरुस्त करतो तो."

मेल्रॉयची आई, गर्ट्रूडबाय, दचकल्या नाहीत. "तूच काय तो, हिरवं पानी भरनारा?" त्या म्हणाल्या. "किती येला सांडू रे तुझं हिरवं पानी?"

"का सांडता?"

"इंजिनाला दर्याचंच पानी लागतं. माझा बापूस बोट हाकनारा तांडेल होता. आमच्या बोटीचं इंजिन जल्मभर दर्याचं पानी प्यालं, कंदी तापलं न्हाय. तुला म्हायीत न्हाय?"

बाबा गाडीपाशी उकिडवे बसले, मेल्रॉयशी कधी बोलले नव्हते इतक्या सावकाश बोलले. "बोटीचं खरं हाय बाय. तिथं पाणी दर्यातून येतं, इंजिनातून फिरतं आन् परत दर्यात जातं. थांबतच न्हाई. इथं तेच पाणी आत कोंडून राहतं. उकळतं. मीठ मागं राहतं. त्या मिठानं इंजिन खाल्लं, वाटा बुजवल्या. म्हणून तापतीय."

"त्याच्यानं न्हाय तापत."

"मग?"

"तो बसतो म्हनून तापते." त्यांनी रिकाम्या सीटकडे हनुवटीने दाखवलं. "तो दर्यात हाय. दर्याचं पानी आत घातलं का तो येतो. पयल्यापासून डोकं गरम त्याचं. पोरीला म्हनाला होता, मीच नेईन चर्चला. न्यायला नको? नुसतं हिरवं पानी घालून नेऊ पोरीला, बापाबगर?"

बोंबलांच्या ओळीत काहीतरी हललं. वारा आला नव्हता. मी पाहिलं, मांजर होतं.

मेल्रॉय संध्याकाळी आला तेव्हा सगळं ऐकून आधी खाली बसला आणि मग ओरडला, "आय, मी वेडा झालो होतो! नोकरी सोडून मी या गाडीला ऑइंटमेंट लावतोय आणि तू हिला मीठ चोळतेस!"

"वरडू नको. बापावर गेलास."

"पुन्हा पाणी घातलंस ना, तर विकून टाकीन गाडी."

"इक. मंग लग्नाला बी तूच जा, साडी नेसून."

बाबांनी मेल्रॉयला हाताने गप्प केलं. मला वाटलं, आता ते मला दाखवायचे तसं बाईंना कारण दाखवतील, खरपुडी, खड्डे, सगळं. त्यांनी ते केलं नाही. ते बॉनेटखाली वाकून बराच वेळ एका कोपऱ्याकडे बघत राहिले. गाडीची पुढची काच धुण्याच्या पाण्याची जुनी बाटली तिथे होती, तडकलेली.

"बाय, इथं नवी बाटली लावतो," ते म्हणाले. "तिचा इंजिनाशी संबंध न्हाई. तिच्यात तुम्ही दर्याचं पाणी भरा. रेडिएटरला हात लावायचा न्हाई, ते माझं."

गर्ट्रूडबाय जवळ आल्या, डोकावल्या. "येवढ्याशा बाटलीत बसवू त्याला?"

"बोटीवर केवढ्याशा जागेत झोपायचे ते?"

"पाय पोटाशी घेऊन," त्या म्हणाल्या. मग तडकलेल्या बाटलीवर बोट टेकवून, "फुडच्या बाजूला लाव. त्याला रस्ता दिसला पायजे."

बाटली लावताना बाबांनी काचेवर पाणी उडवणाऱ्या तिच्या छोट्या मोटरला करंट जोडला नाही. वायरचं टोक टेपने गुंडाळून बाजूला ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "खारं पाणी काचेवर कशाला? नुसतं राहू दे." त्यांनी गर्ट्रूडबायना ते सांगितलं नाही. गणेशला सांगितलं, आणि गणेशने पहिल्यांदाच त्यांना चिडवलं नाही.

त्यानंतर गाडी तापली नाही. मेल्रॉय रोज फोन करून सांगायचा, काटा मध्ये. बाबा "बरं" म्हणायचे.

लग्नाच्या सकाळी आम्हाला बोलावणं होतं. गाडी फुलांनी सजवली होती. मागे टिना, पांढऱ्या घोळदार झग्यात, पुढे गर्ट्रूडबाय, चालवायला मेल्रॉय. चर्चचा रस्ता चढाचा, त्याच चढाला गाडी आजवर उकळली होती. आम्ही स्कूटरवर मागून जात होतो. मला मागच्या काचेतून गर्ट्रूडबायचं डोकं दिसत होतं. त्या रस्त्याकडे बघत नव्हत्या. पूर्ण चढभर त्या वाकून काट्याकडे बघत होत्या.

गाडी तापली नाही. अलगद चर्चच्या पायऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिना उतरली, झगा सावरून पायरीपाशी थांबली. मेल्रॉय उतरला. गर्ट्रूडबाय उतरल्या नाहीत.

मेल्रॉयने दार उघडलं. "आय, चल."

"आला न्हाय तो."

"आय, लोकं बघतायत."

"काटा हलला न्हाय. गार हाय गाडी." त्यांनी बाबांकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "तू काढलास त्याला. पोरगी एकटी आली."

टिना पायरीवरून वळून बघत होती. तिने फुलं खाली घेतली होती. आत ऑर्गन सुरू झाला, थांबला. बाबा गाडीजवळ गेले, काचेपाशी वाकले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. दुरुस्त झालेल्या गाडीसमोर उभे आणि हात रिकामे.

इंजिन बंद होतं. किल्ली मेल्रॉयच्या हातात होती.

बॉनेटच्या कडेला काच धुण्यासाठी असलेल्या दोन बारीक छिद्रांतून पाणी उडालं. दोन धारा, समोरच्या काचेवर, गर्ट्रूडबायच्या बाजूला. पाणी काचेवर पसरलं आणि ओघळलं. मग पुन्हा एकदा, जरा कमी.

कुणी हसलं. कुणाला वाटलं, मेल्रॉयचा हात लागला. मेल्रॉय तर दारापासून मागे सरून पायरीच्या बाजूला उभा होता, पांढराफटक.

गर्ट्रूडबाय ओघळांकडे बघत राहिल्या. त्यांनी आतून काचेला तळहात लावला, बाबा रेडिएटरला लावतात तसा. "अवो, आता आलाव?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "येळ काय झाली बगा!" आणि पदर सावरत उतरल्या, टिनाचा हात धरला आणि पायऱ्या चढून गेल्या.

सगळे आत गेले. गाडीपाशी बाबा आणि मी उरलो. त्यांचा हात बॉनेटच्या खटक्यावर होता. त्यांना फक्त तो वर उचलायचा होता. टेप सुटलेला आहे की नाही, वायर कुठे टेकली आहे, हे बघायला क्षणही लागला नसता. माझी खात्री होती की ते उघडतील.

त्यांनी हात काढून घेतला. काचेवरचं पाणी उन्हात सुकत होतं, दोन पांढऱ्या रेघा उरत होत्या. त्यांनी एका रेघेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. चव तोंडात धरून ठेवली. या वेळी थुंकले नाहीत.

परतताना मिठागरांपाशी मी विचारलं, "बाबा, कसं झालं असेल?"

"बाटलीतली हवा तापली असंल," ते मागून म्हणाले. "फुगली, पाणी वर ढकललं. होतं कधी कधी."

"पण गाडी तर गार होती."

गाडी अजून आमच्याकडे येते. बाबा रेडिएटर बघतात, पट्टा बघतात, तेल बघतात. त्या कोपऱ्यातली बाटली दर वेळी काठोकाठ भरलेली असते. तिला ते हात लावत नाहीत.